घरातल्या सगळ्यांना चालेल असं गोड बिस्कीट कसं निवडावं

ठाण्याच्या नौपाड्यातलं वाण्याचं दुकान घ्या नाहीतर नवी मुंबईत सीवूड्सच्या मॉलमधलं मोठं सुपरमार्केट, बिस्किटांच्या फळीवर सगळीकडे तेच दिसतं: गव्हाच्या लोंब्या, मधाचा थेंब, ओट्सने भरलेला वाडगा आणि ‘हेल्दी’, ‘लाइट’, ‘मल्टिग्रेन’ असे ठसठशीत शब्द. यावरून काहीही ठरवू नका. पुडा उलटा करा. घटकांची यादी आणि पोषणतक्ता मागे बारीक अक्षरात असतो, आणि काय पाहायचं ते माहीत असलं तर तो वाचायला मिनिटभरही लागत नाही.

बिस्कीट कितीही चांगलं निवडलं तरी ते फळाची किंवा मूठभर चण्या-दाण्यांची जागा घेत नाही. पीठ, साखर आणि स्निग्ध पदार्थ यांचंच ते बनतं. त्यामुळे शोधायचं आहे ते एवढंच: ज्यात साखर आटोक्यात आहे, पिठात कोंडा शिल्लक आहे आणि जे आजी-आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे आपणहून खातात. यातली शेवटची अट बहुतेक जण विसरतात. न आवडलेलं बिस्कीट डब्याच्या तळाशी पडून राहतं आणि आठवड्याभरात क्रीमचा पुडा घरात परत येतो.

आधी घटकांची यादी

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. पहिले तीन घटक वाचले की बिस्कीट समजतं. ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदा. तो पहिला, साखर दुसरी आणि पामतेल तिसरं असेल, तर पुढे कितीही ओट्स आणि जवस लिहिलेले असोत, ते मैद्याचं गोड बिस्कीट आहे. ‘होल व्हीट फ्लोअर’ किंवा ‘आटा’ पहिला असेल तर पुढे वाचण्यात अर्थ आहे.

पुढच्या बाजूला ज्या धान्याचा गाजावाजा केलेला असतो, त्याची टक्केवारी बहुधा घटकांच्या यादीत कंसात दिलेली असते. ती नक्की पाहा. नाचणीचं बिस्कीट म्हणून घेतलेल्या पुड्यात नाचणी ६ टक्के आणि मैदा ५० टक्क्यांच्या वर, असं सर्रास आढळतं. नाचणी, ओट्स किंवा ज्वारी २० टक्क्यांच्या पुढे असेल तर नावाला काही आधार आहे असं समजा.

साखर एकाच नावाने येत नाही. ‘शुगर’ शिवाय इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, मध, गूळ ही सगळी साखरच. माल्टोडेक्स्ट्रिन गोड लागत नाही, पण रक्तातली साखर ते झपाट्याने वाढवतं. एकाच यादीत यातली तीन-चार नावं विखुरलेली दिसली, तर एकट्या साखरेचा क्रम खाली गेला म्हणून फसू नका. गुळाचं बिस्कीट म्हटलं की घरातली मोठी माणसं निर्धास्त होतात. गुळाला चव आहे, रंग आहे, थोडी खनिजंही आहेत, पण वजनाच्या हिशेबाने त्यात बहुतांश साखरच असते. गूळ चवीसाठी जरूर घ्या. मात्र साखरेऐवजी गूळ आहे म्हणून दोन बिस्किटं जास्त खाल्ली तर फायदा तिथेच संपतो.

घटकांच्या यादीतल्या आकड्यांना बिचकण्याचं कारण नाही. ५०० आणि ५०३ हे फुगवणारे घटक, म्हणजे खायचा सोडा आणि बेकरीतला अमोनिया. ३२२ म्हणजे लेसिथिन, जे बहुधा सोयाबीनपासून काढतात. ९५५ दिसलं तर ते सुक्रालोज, ९६५ दिसलं तर माल्टिटॉल; दोन्ही साखरेऐवजी गोडीसाठी घालतात. माल्टिटॉलबद्दल पुढे येईलच.

मग तक्ता, आणि तोही १०० ग्रॅमचा

तक्त्यात दोन रकाने असू शकतात, एक १०० ग्रॅमचा आणि एक ‘सर्व्हिंग’चा. तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या रकान्यावरून करा. सर्व्हिंग कंपनी ठरवते. एकीचं दोन बिस्किटांचं असतं, दुसरीचं चारांचं.

पहिली नजर ‘ॲडेड शुगर्स’ या ओळीवर. साध्या ग्लुकोज बिस्किटात ही साखर १०० ग्रॅममागे साधारण २५ ग्रॅमच्या आसपास असते, मारीत बहुधा २० च्या जवळपास, क्रीमच्या बिस्किटांत ३० ते ४० पर्यंत जाते. रोजच्या बिस्किटासाठी २० ही वरची मर्यादा धरा. १५ च्या आत मिळालं तर उत्तमच. २५ च्या वर असेल ते पाहुण्यांसाठी, वाढदिवसासाठी.

दुसरी ओळ ‘सॅच्युरेटेड फॅट’, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारा स्निग्धांश. इथे डायजेस्टिव्ह नावाची बिस्किटं मागे पडतात. त्यात कोंडा असतो, पण एकूण स्निग्धांश बरेचदा २० ग्रॅमच्या घरात आणि त्यातला निम्मा सॅच्युरेटेड असतो, कारण बहुतेक बिस्किटं पामतेलात होतात आणि पामतेलाचा साधारण निम्मा भाग सॅच्युरेटेड असतो. मारी या बाबतीत हलकी. सॅच्युरेटेड फॅट ७ ग्रॅमपर्यंत असेल तर रोजच्यासाठी बरं, १० च्या पुढे नको.

‘ट्रान्स फॅट’ (तेल कारखान्यात घट्ट करताना तयार होणारा, हृदयाला घातक स्निग्धांश) शून्य लिहिलेलं पाहून हुरळून जाऊ नका. १ जानेवारी २०२२ पासून देशात खाद्यतेलं आणि त्यांपासून केलेल्या पदार्थांमधल्या स्निग्धांशात औद्योगिक ट्रान्स फॅट २ टक्क्यांहून जास्त चालत नाही. सगळ्यांनाच लागू असलेला हा नियम आहे, एखाद्या कंपनीची खास कामगिरी नव्हे.

तंतूची, म्हणजे ‘डाएटरी फायबर’ची, ओळ तक्त्यात असेलच असं नाही, कारण ती छापणं सक्तीचं नाही. पण पुढे ‘हाय फायबर’ लिहिलं असेल तर १०० ग्रॅममागे किमान ६ ग्रॅम तंतू असावा लागतो. ‘सोर्स ऑफ फायबर’साठी ३ ग्रॅम पुरतात. हे दोन शब्दप्रयोग सारखे नाहीत, एवढं लक्षात ठेवा. सोडियम सोड्यामुळे गोड बिस्किटातही चढतं. घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर ३५० मिलिग्रॅमच्या आतलं शोधा.

पाच-दहा रुपयांच्या पुड्यावर तक्ताच सापडत नाही, अशी तक्रार असते. १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत पृष्ठभाग असलेल्या छोट्या पाकिटांना ती सूट आहे. त्याच बिस्किटाचा मोठा पुडा उलटून पाहा.

एका बिस्किटात चमचाभर साखर आहे का?

१०० ग्रॅमचे आकडे घरात कुणाला पटत नाहीत. चमच्यात सांगितलं की लगेच पटतात. पुड्याचं निव्वळ वजन भागिले बिस्किटांची संख्या, म्हणजे एका बिस्किटाचं वजन. १२० ग्रॅमच्या पुड्यात १० क्रीमची बिस्किटं असतील तर एक १२ ग्रॅमचं. ॲडेड शुगर ३५ असेल तर एका बिस्किटात ४.२ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक सपाट चमचा साखर. तीन खाल्ली की तीन चमचे. उलट ५ ग्रॅमचं मारी, ॲडेड शुगर २०, म्हणजे एकात १ ग्रॅम. चार खाल्ली तरी एकच चमचा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेली आणि मध-रसातली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत आणावी. २००० किलोकॅलरी खाणाऱ्या माणसासाठी ते ५० आणि २५ ग्रॅम होतात. पाकिटावरची साखरेची टक्केवारी या ५० ग्रॅमच्या हिशेबाने काढलेली असते आणि तीही प्रौढ माणसासाठी. बालवाडीतल्या मुलाची ऊर्जेची गरज साधारण १३००-१४०० किलोकॅलरींचीच असते. म्हणून पुड्यावर ‘८%’ दिसलं तर त्याच्यासाठी ते १२ टक्क्यांच्या आसपास जातं. मुलांसाठी घेताना टक्केवारी सोडून द्या, ग्रॅमच पाहा.

आणि दुधात कुस्करलेलं बिस्कीट बाळाला भरवायची सवय फार घरांत आहे. दोन वर्षांखालच्या बाळाच्या खाण्यात वरून साखर घालूच नये. त्या वयात मऊ भात, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं हेच बरं.

‘शुगर फ्री’ आणि घरातला मधुमेह

‘शुगर फ्री’ लिहायचं तर १०० ग्रॅममागे साखर ०.५ ग्रॅमच्या आत असावी लागते. पण साखर गेली तरी मैदा राहतो आणि पिठाचीही शेवटी रक्तात साखरच होते. अशा पुड्याची ‘टोटल कार्बोहायड्रेट’ ओळ वाचा. ती बहुधा ६० ते ७० ग्रॅमच्या दरम्यान असते, नेहमीच्या बिस्किटांच्या तुलनेत फार खाली नसते. गोडवा माल्टिटॉलचा असेल तर जास्त खाल्ल्यावर पोट फुगणं, जुलाब होणं हे त्रास होतात आणि तशी सूचना पाकिटावर असते. मुलांना हा पुडा देऊ नका. मधुमेह असलेल्या माणसाला चारच्या चहाबरोबर चार शुगर फ्री देण्यापेक्षा आटा असलेली दोन मारी आणि मूठभर फुटाणे द्यावेत. फुटाण्यांतल्या प्रथिनांमुळे आणि तंतूंमुळे साखर सावकाश चढते. औषधं चालू असतील तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

घरात चव कशी रुजवायची

आकडे जमले म्हणजे बिस्कीट आवडेलच असं नाही. सरळ चाचणी घ्या. अटींत बसणाऱ्या तीन प्रकारांचे सर्वांत लहान पुडे आणा, पुडे लपवा आणि १, २, ३ लिहिलेल्या ताटल्यांत बिस्किटं मांडा. नाव दिसलं की मत आधीच ठरतं, म्हणून लपवणं गरजेचं आहे. रात्री जेवल्यावर नको. भूक असताना, दुपारच्या चहाच्या वेळीच घ्या.

आधी कोरडं चाखा. टाळूला तेलकट थर चिकटून राहतो का? सोड्याची साबणासारखी चव मागून येते का? नाचणी किंवा ओट्सचा कच्चा वास येतो का? मग चहात बुडवा. मराठी घरात जे बिस्कीट चहात टिकत नाही, ते घरात टिकत नाही. कोंडा आणि नाचणी जास्त असलेलं बिस्कीट ठिसूळ असतं, कारण नाचणीत ग्लुटेन नसतं आणि पिठाला धरून ठेवणारं जाळं तयार होत नाही. ते दोन सेकंदांत तुटून कपाच्या तळाशी जाईल. अशी बिस्किटं आवडली तर कोरडी खायची, मधल्या सुट्टीच्या डब्यासाठी ठेवायची आणि चहासाठी दुसरं घ्यायचं. एकाच पुड्याने सगळ्यांचं भागवायचा हट्ट धरू नका.

मुलं क्रीम सोडायला तयार नसतील तर एका फटक्यात बंद करू नका, दोन दिवसांत सगळं पूर्ववत होतं. पहिल्या आठवड्यात एक जुनं आणि एक नवीन द्या. पुढच्या आठवड्यात दोन साध्या मारींच्या मध्ये बिनसाखरेच्या पीनट बटरचा पातळ थर लावून द्या. चावताना क्रीमच्या बिस्किटाचीच मजा येते आणि साखर निम्म्याहून कमी होते. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर अर्थातच नको. पुडा टेबलावर उघडा ठेवू नका. मोजून ताटलीत काढा आणि पुडा डब्यात टाका, कारण उघडा पुडा समोर असला की संपेपर्यंत हात थांबत नाही.

बेकरी आणि घरगुती मालाची दुकानं

बेकरीतल्या सुट्या बिस्किटांवर तक्ता नसतो, म्हणून विचारावं लागतं: कशात केली, तूप, लोणी, मार्जरिन की वनस्पती तूप (डालडा)? खरी बेकरी सरळ सांगते. हातावर बिस्कीट ठेवून पाहा. तूप शरीराच्या उष्णतेने लवकर वितळतं आणि बोटांना ओलसर लागतं. वनस्पतीचा थर मेणचट राहतो आणि घासला तरी पटकन निघत नाही. नानकटाईत मैदा, पिठीसाखर आणि तूप यांचं प्रमाण एवढं भरगच्च असतं की ती रोजची वस्तू होऊच शकत नाही. दिवाळीच्या सुमारास घरचं साहित्य देऊन भट्टीत भाजून आणायची सोय काही बेकऱ्यांत अजून मिळते. तशी संधी मिळाली तर निम्म्या मैद्याऐवजी कणीक आणि थोडं बेसन द्या, पिठीसाखर पाव भागाने कमी करा. यापेक्षा जास्त कमी केलीत तर नानकटाई फुलत नाही, वरची भेग पडत नाही आणि घट्ट होते, कारण तूप-साखर फेसताना अडकणारी हवाच तिला हलकं करते.

ठाण्यात आणि नवी मुंबईत घरगुती पदार्थांच्या दुकानांत, बचत गटांच्या प्रदर्शनांत नाचणीची, ज्वारीची बिस्किटं मिळतात. चव पुष्कळदा कंपनीच्या बिस्किटापेक्षा सरस असते. घेताना अन्नसुरक्षेचा (FSSAI) १४ अंकी परवाना क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि घटकांची यादी पाहा. नुसतं ‘शुद्ध, पौष्टिक’ लिहिलेल्या पारदर्शक पिशवीत साखर किती ते कळायला मार्ग नसतो.

घरी करायची तर: नाचणी-कणकेची बिस्किटं

साखर आपल्या हातात ठेवायची असेल तर यासारखा उपाय नाही. मापं ग्रॅममध्येच घ्या; वाटीच्या मापाने पीठ दर वेळी वेगळं भरतं.

कणीक १०० ग्रॅम, नाचणीचं पीठ ५० ग्रॅम, भाजलेल्या दाण्यांचं बारीक कूट २५ ग्रॅम, घट्ट तूप ५० ग्रॅम, चाळलेली गूळ पावडर ४० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ, आणि थंड दूध लागेल तसं, साधारण ३ मोठे चमचे. यात २२ ते २४ लहान बिस्किटं होतात. एकात गूळ पावणेदोन ग्रॅमच्या आसपास जातो. तूप मात्र कमी नाही, त्यामुळे एका वेळी दोन-तीनच.

नाचणीचं पीठ मंद आचेवर ४-५ मिनिटं परता, खमंग वास येईपर्यंत. हे टाळलंत तर कच्चट, मातकट चव राहते आणि मुलं पहिल्याच घासाला नाक मुरडतात. पीठ पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर तूप वितळेल. तूप आणि गूळ ३-४ मिनिटं फेसा, मिश्रण फिकट आणि हलकं झालं पाहिजे. मग सगळी कोरडी जिन्नसं एकत्र चाळून घाला आणि बोटांच्या टोकांनी चुरा. दूध एकेक चमचा घालत गोळा जेमतेम जमला की थांबा. पोळीच्या कणकेसारखं मळू नका. मळल्याने कणकेतलं ग्लुटेन ताणलं जातं आणि बिस्किटं खुसखुशीत होण्याऐवजी दगडासारखी होतात. गोळा झाकून २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग ५ मिलिमीटर जाडीची पोळी लाटून वाटीने किंवा झाकणाने कापा आणि काट्याने टोचे मारा.

ओव्हन आधी १० मिनिटं तापवून १६० अंशांवर मधल्या कप्प्यात १५ ते १८ मिनिटं भाजा. १८० वर ठेवू नका. गूळ लवकर करपतो, कडा काळ्या होतात आणि मध्य कच्चा राहतो. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर जाळी, झाकण घालून १० मिनिटं मध्यम आचेवर तापवा आणि मग बिस्किटं ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. बाहेर काढताना बिस्किटं मऊच असतात. कडक होईपर्यंत आत ठेवाल तर गार झाल्यावर चावणार नाहीत.

बिघडलं तर बघायच्या जागा अशा. बिस्किटं पसरून एकमेकांना चिकटली, तर तूप पातळ होतं किंवा गोळा गार केला नव्हता. एप्रिल-मे महिन्यात हे हमखास होतं. कापतानाच कडा फाटल्या, तर दूध अर्धा चमचा कमी पडलं. वर काळे ठिपके आले, तर गुळाचे खडे राहिले होते. नाचणी निम्म्याहून जास्त घातली, तर बिस्कीट उचलतानाच तुटतं. एक तृतीयांश हे प्रमाण सांभाळा.

आपल्याकडे पावसाळ्यात उघड्यावरची बिस्किटं तासाभरात मऊ पडतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आतल्या वाफेनेच ती नरम होतात. घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा काचेचा डबा घ्या आणि रोजच्या वापराची वेगळ्या लहान डब्यात काढा, म्हणजे मोठा डबा सारखा उघडला जात नाही. नरम पडलीच तर १२० अंशांवर ६-८ मिनिटं पुन्हा भाजून पसरून गार करा. दाण्याच्या कुटामुळे ही बिस्किटं दहा-बारा दिवसांनंतर खवट होऊ लागतात. एकदम जास्त करण्यापेक्षा दुप्पट पीठ भिजवून निम्म्याची लांबट सुरळी करा, बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभर चांगली राहते. लागेल तेव्हा काढून दहा मिनिटं बाहेर ठेवायची, धारदार सुरीने चकत्या कापायच्या आणि नेहमीपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त भाजायच्या.